नेम कुठं धरायचा ते आधी सांगा

माझं तासगावात मेडिकल आहे, बावीस वर्षं झाली. मी डॉक्टर नाही, डी.फार्म. केलेला माणूस. त्यामुळं खाली जे लिहिलंय ते काउंटरच्या या बाजूनं दिसतं तेवढं, आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना जे वाचत बसतो तेवढं. लिहायला कारण झाला एक व्हिडिओ. गेल्या काही महिन्यांत तो निदान आठ-दहा जणांनी मोबाईल पुढं करून मला दाखवला असेल. निळ्या उजेडातलं मशीन, त्यात डोकं घालून झोपलेला पेशंट, मागं ढॅणढॅण म्युझिक आणि वर मोठ्या अक्षरात "फिट्सवर आता बिनाऑपरेशन, बिनाटाका इलाज". एक मावशी तर पायरी चढता चढताच म्हणाल्या, "दादा, आवाज सोडून फिट घालवत्यात म्हणं. मिरजंत आलंय का इचारा की जरा."

मावशींचं अगदीच चूक नाही बरं का. फोकस्ड अल्ट्रासाउंड म्हणतात त्याला. सोनोग्राफीत जो आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज वापरतात तोच, फक्त तिथं चित्र काढतात आणि इथं तो एका जागी गोळा करून तेवढी जागा जाळतात. लहानपणी भिंगानं ऊन धरून कागद जाळलाय ना, तसंच. पेशंटचं पूर्ण टक्कल करतात, डोक्याला फ्रेम घट्ट बसवतात, कवटी आणि मशीनच्या मधे गार पाणी खेळवतात आणि घुमटासारख्या हेल्मेटमधनं १०२४ जागांवरनं लहरी सोडतात. एकटी लहर वाटेत कुणाला धक्का लावत नाही, पण सगळ्या जिथं भेटतात तिथं ५५-६० डिग्रीपर्यंत तापतं आणि तेवढाच बारका भाग मरतो. हे सगळं चालतं एमआरआयच्या आत, त्यामुळं कुठं किती तापलं ते डॉक्टरांना बाहेर बसून दिसत असतं, आणि पेशंट जागा असतो, त्याला हात हलव, बोल असं सांगत सांगत पुढं जातात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री बायकोला उठवून सांगितलं होतं. ती म्हणाली, झोपा.

आता व्हिडिओत जे सांगत नाहीत ते. अमेरिकेत २०१६ साली मेंदूसाठी या मशीनला मंजुरी मिळाली ती हाताच्या थरथरीसाठी, म्हणजे चहाचा कप धरला की अर्धा चहा बशीत जातो ना, त्या आजारासाठी, आणि नंतर पार्किन्सनसाठी. त्यात रिझल्ट चांगले आहेत. फिट्ससाठी मात्र तिथंसुद्धा अजून मंजुरी नाही, ट्रायल चालू आहेत, आणि त्यातले पेशंट कित्येक ठिकाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. व्हिडिओत थरथर थांबलेला आजोबा दाखवतात आणि खाली फिट्सचं नाव टाकतात, एवढीच काय ती हातचलाखी.

असं का, याला कारण आहे कवटी. कल्पना तशी जुनी आहे, १९५० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉयला फ्राय नावाच्या दोघा भावांनी हे करून बघितलं होतं, पण तेव्हा आवाज आत जायला कवटीचा तुकडा काढावा लागायचा, कारण हाड आवाज खातं आणि स्वतःच तापतं. आज कॉम्प्युटर प्रत्येक लहरीचा हिशोब लावून कवटीतनं नेम धरतो, तरी एक अडचण राहिलीच. घुमटाच्या मध्यावर, मेंदूच्या अगदी गाभ्यात, नेम चांगला बसतो, कडेला आणि खाली जाल तसं अवघड होत जातं. थरथरीची जागा गाभ्यात आहे म्हणून तिथं जमलं. आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या मोठ्या माणसांच्या फिट्स सगळ्यात जास्त कुठनं निघतात? कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोबमधनं, बरोबर कडेला आणि कवटीच्या तळाशी. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज तिथंच मशीनचा हात पोचायला अवघड. उलट हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या आत खोल असलेल्या एका बारक्या भागाला, जन्मापासून एक गाठ असते काही मुलांना, त्यांना हसण्याच्या फिट येतात, कारण नसताना पोर खदाखदा हसतं आणि घरचे समजतात की खोडकर आहे. ती गाठ पडते मधोमध, खोल. तिथं सुरीनं जाणं धोक्याचं आणि आवाजानं जाणं त्या मानानं सोयीचं, म्हणून तिथं लोकांना खरी आशा वाटतीय आणि मलाही वाटती. काही डॉक्टर मेंदूच्या गाभ्यातल्याच थॅलॅमस नावाच्या भागात नेम धरून फिट पसरायची वाटच तोडता येती का बघतायत. कमी ताकदीच्या लहरींनी काही न जाळता मेंदू नुसता शांत करता येतो का, यावरही काम चालू आहे, पण ते अजून त्याच्याही मागच्या पायरीवर आहे.

एवढं ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हंजे न्हाईच म्हणा की." आणि चेहरा असा पडला की मला माझंच वाईट वाटलं.

मावशींचा पोरगा चोवीस वर्षांचा. बेदाण्याच्या शेडवर कामाला होता, एकदा शिडीवरनं पडला, मग शेडवाल्यानं नको म्हणून सांगितलं. त्यांच्या घरी भिंतीवर माझ्याच दुकानाचं कॅलेंडर आहे. त्यावर दुधाचे खाडे लिहितात तसं त्या फिट्स लिहितात, दुधाला निळी फुली आणि फिटला लाल. मला मोबाईलवर फोटो दाखवला होता, एका महिन्यात दूध दोनदा चुकलं होतं आणि फिट आल्या होत्या सात. आठ वर्षांत तीन डॉक्टर, चार प्रकारच्या गोळ्या, आणि साडीच्या दुकानाच्या पिशवीत एमआरआयच्या फिल्मा. या आठ वर्षांत त्यांना कुणीही, मी धरून, एक साधं वाक्य सांगितलं नव्हतं, की दोन गोळ्या फेल गेल्या की तिसरी-चौथी बदलत बसायचं नसतं, एपिलेप्सीच्या, म्हणजे फिट्सच्याच, मोठ्या सेंटरला जायचं असतं.

हे वाक्य माझ्या मनचं नाही. ग्लासगोच्या क्वान आणि ब्रोडी या डॉक्टरांनी २००० साली छापलंय. नव्यानं औषध सुरू केलेल्या पेशंटमधल्या ४७ टक्क्यांच्या फिट्स पहिल्याच औषधावर थांबल्या, दुसऱ्यावर आणखी १३ टक्के, आणि तिसऱ्या एकट्या औषधावर जेमतेम १ टक्का. त्यावरनं २०१० साली जगातल्या एपिलेप्सी डॉक्टरांच्या संघटनेनं व्याख्याच करून टाकली, की योग्य निवडलेली, नीट डोसमध्ये नीट घेतलेली दोन औषधं चालली नाहीत म्हणजे हा औषधाला दाद न देणारा आजार. साधारण तीनात एक पेशंट असा असतो. भारतात फिट्सचे पेशंट एक कोटीच्या वर धरतात, मग तीनात एक म्हणजे किती ते तुम्हीच बघा.

त्या व्याख्येत "योग्य निवडलेली" आणि "नीट घेतलेली" हे दोन शब्द आहेत ना, त्यातच आमच्या भागाची सगळी गोम आहे. किती जणांच्या बाबतीत औषध खरंच फेल गेलंय आणि किती जणांना ते कधी नीट मिळालंच नाही? माझ्याकडं एक पोरगा चिठ्ठी घेऊन यायचा, कागद घड्या पडून चार ठिकाणी फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. एकदा सहज वर बघितलं तर वजन लिहिलेलं ३२ किलो. समोर उभा मिसरूड फुटलेला, सत्तरीच्या आसपास वजनाचा गडी. सहा वर्षं तो लहान पोराच्या डोसवर होता, आणि सहा वर्षं मीच त्या गोळ्या देत होतो. घरचे सांगत फिरायचे की गोळीचा काय उपयोग नाही. गोळीचा दोष किती आणि माझा किती, हे मी अजून स्वतःला विचारतो.

बाकी रोजचंच आहे. पंधरा दिवसांच्या लिहिल्यात आणि दहाच न्यायच्या. रथोत्सवाला पाहुणे आले, दोन दिवस गोळी राहिली आणि वर जागरण, तिसऱ्या दिवशी फिट. पोरीचं लग्न ठरायचंय म्हणून गोळ्या तासगावात घ्यायच्याच नाहीत, सांगलीतनं आणायच्या, आणि सांगलीतली माणसं तेवढ्यासाठी माझ्याकडं यायची, स्ट्रिप नको, कागदाच्या पुडीत सुट्या द्या म्हणायची. फिट्स असणं ही लग्नाला कायद्यानं आडकाठी होती ती १९९९ ला काढून टाकली, पण पुडी काय सुटत नाही. सरकारी दवाखान्यात गोळी संपली की बाहेरनं घ्या म्हणून चिठ्ठी येते, घेणारा घेतो, नाही घेणारा पुढच्या वारापर्यंत थांबतो. टीबीचं बघा, औषध दिलं की आम्हा मेडिकलवाल्यांना रजिस्टरला नोंद ठेवावी लागते, पेशंट गोळ्या घ्यायचा थांबला तर आशाताई घरी जाऊन विचारते. फिटवाल्याची सहा महिने गोळी बंद असली तरी कुणाला पत्ता नसतो. टीबी पसरतो म्हणून सरकारला भीती आहे, फिट पसरत नाही, हाच काय तो तिचा गुन्हा.

मग मूळ गोष्टीवर येतो. समजा उद्या सकाळी ते मशीन सांगली-मिरज रोडवर आलं. समजा मंजुरी आली, पैसेही योजनेतनं मिळाले. मावशींच्या पोराला त्यात झोपवलं. आता नेम कुठं धरायचा? फिट मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातनं सुरू होती हे कुणाला माहीत आहे? भिंग कितीही भारी असो, कागद कुठाय ते तर दिसायला पाहिजे. आणि ते शोधायचं काम मशीन करत नाही, ते करायला लागतो व्हिडिओ ईईजी, म्हणजे पेशंटला काही दिवस ॲडमिट करून डोक्याला वायरी लावून कॅमेऱ्याखाली ठेवायचं आणि फिट पकडायची. लागतो एपिलेप्सीसाठी खास पद्धतीनं काढलेला एमआरआय. आणि लागतो त्या दोन्हीकडं तासभर बसून बघणारा माणूस.

मशीनचं म्हणाल तर आपल्याकडं एक मशीन येऊन गेलेलं आहेच की, एमआरआय. सांगली-मिरजेत एमआरआयची काय कमी आहे का? पण मावशींच्या पिशवीतले दोन्ही रिपोर्ट "नॉर्मल". ते खोटे नव्हते, फक्त डोक्याचा साधा एमआरआय होता, जाड जाड कापांचा. कानशिलाच्या आतला हिप्पोकॅम्पस म्हणजे करंगळीएवढा भाग, तो आक्रसलाय का हे बघायला बारीक कापा त्याच्या आडव्या रेषेत घ्याव्या लागतात, आणि चिठ्ठीवर कुणीतरी लिहावं लागतं की याला फिट्स आहेत, अमुक बाजूनं सुरू होतात, तिथं बघा. चिठ्ठीवर लिहिलं होतं "एमआरआय ब्रेन". संपलं. तेच हाल उद्या नव्या मशीनचे होतील म्हणून मला धास्ती वाटती.

आता लोक म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात, की ऑपरेशनला माणसं घाबरतात, डोकं उघडायचं म्हटल्यावर कुठली आई हो म्हणेल, आवाजानं होत असेल तर निदान लोक दारापर्यंत तरी येतील. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. माझ्याच काउंटरवर "मेंदूचं ऑपरेशन" म्हटलं की समोरचा माणूस एक पाऊल मागं सरकतो. पण त्या भीतीच्या समोर काय ठेवायचं ते तरी लोकांना सांगा. कॅनडात २००१ साली छापलेल्या अभ्यासात ८० पेशंट होते, कानशिलातनं फिट येणारे, औषधाला दाद न देणारे. चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना ऑपरेशन आणि निम्म्यांना औषध चालू. वर्षभरानं भान हरपणाऱ्या फिट्स बंद झालेले ऑपरेशनवाल्यांत ५८ टक्के, औषधवाल्यांत ८. परदेशातलं नको असेल तर दिल्लीच्या एम्सचं घ्या, २०१७ साली छापलंय, ११६ मुलं, वर्षभर फिट नसलेली ऑपरेशनच्या बाजूला ७७ टक्के आणि औषधाच्या बाजूला ७. त्याच अभ्यासात हेही लिहिलंय की ऑपरेशन झालेल्यांपैकी ३३ टक्के मुलांना गंभीर त्रास झाला, बऱ्याच जणांची एका बाजूची ताकद कमी झाली, त्यातला काही भाग ऑपरेशनच्या प्रकारामुळं आधीच धरलेला होता. तेही सांगायलाच पाहिजे, लपवून कुणाला गाडीत बसवायचं नाही. पण दुसऱ्या पारड्यात काय आहे? फिट्स चालू राहिल्या तर विहीर आहे, कालवा आहे, गुऱ्हाळाची उकळती काहील आहे, चूल आहे. आणि काहीच नसलं तरी झोपेत अचानक मरण आहे. फिट्स असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला हजारात एकाला ते गाठतं, आणि फिट्स आटोक्यात नसतील तर धोका कितीतरी जास्त. मशीन येईपर्यंत थांबू म्हणणारा माणूस रोज रात्री हा जुगार खेळत असतो, फक्त त्याला तो जुगार आहे हे कुणी सांगितलेलं नसतं.

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा या मोठ्या हॉस्पिटलमध्ये १९९५ पासून ही ऑपरेशनं होतायत. म्हणजे मावशींचा पोरगा जन्माला यायच्या आधीपासून. मुंबईतही होतात. तीस वर्षं जुना, अभ्यासात उतरलेला इलाज आपल्या गावापर्यंत बातमी म्हणूनसुद्धा पोचला नाही आणि ट्रायलमधलं मशीन दोन महिन्यांत प्रत्येक मोबाईलवर पोचलं, याचा मला राग येतो. अमेरिकेतसुद्धा पहिली फिट ते ऑपरेशन यात सरासरी वीसेक वर्षं जातात म्हणे, म्हणजे आपणच मागासलेले आहोत असंही नाही, पण म्हणून काय झालं.

परवा एका कार्यकर्त्यानं विचारलं की तुम्ही एवढं बोलताय तर निवेदनात काय लिहू, "सांगली जिल्ह्याला फोकस्ड अल्ट्रासाउंड मिळालंच पाहिजे" असं लिहू का, साहेबांना आवडेल, फीत कापायला होईल. मी म्हणालो, बाबा, ते नको, लिही की मिरजेला सरकारी कॉलेजात एक व्हिडिओ ईईजीची खोली द्या आणि ती चालवणारा टेक्निशियन कायम ठेवा, तालुक्याला महिन्यातनं एक दिवस फिट्सची ओपीडी लावा, तीन-चार मूळ गोळ्यांचा साठा कधीही शून्यावर येऊ देऊ नका, दोन औषधं फेल गेल्यावर पुढं पाठवायची चिठ्ठी डॉक्टरांनी आपणहून द्यावी, आणि टीबीसारखं आशाताईला फिटवाल्याच्या घरी पाठवा. तो म्हणाला, यात फीत कुठं कापायची? बरोबर आहे त्याचं. ईईजीच्या खोलीला फीत लावली तर फोटोत नुसता पलंग आणि वायरी दिसतात.

आणि गंमत म्हणजे हीच खोली असली तरच ते मशीन कधी कामाचं ठरणार. उद्या टेम्पोरल लोबपर्यंत नेम पोचायला लागला, कवटीची अडचण सुटली, मंजुरी मिळाली, तर त्या रांगेत पहिला नंबर ज्याच्या फिटचं घर सापडलंय त्याचा लागणार. ज्याच्याकडं नुसता व्हिडिओ आहे तो बाहेरच.

मावशी शेवटी पोराला घेऊन गेल्या. कुठल्या हॉस्पिटलला ते सांगत नाही, पण घाट चढून जावं लागलं. तिथं कॅलेंडरचे फोटो बघून डॉक्टरांनी म्हणे खुर्ची ओढून घेतली, आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लाल फुल्या मोजल्या. ॲडमिट केलं, वायरी लावल्या आणि गोळ्या हळूहळू कमी केल्या. कारण फिट यायलाच पाहिजे ना, आल्याशिवाय घर कळणार कसं. आणि घरी महिन्याला सात येणारी फिट तिथं चार दिवस आलीच नाही. मावशी रोज रात्री फोन करायच्या, "दादा, येईना की ओ. आता फिट यावी म्हणून गणपतीला नारळ कसा बोलू मी?" पाचव्या दिवशी पहाटे साडेचारला फोन आला. मी दचकून उठलो. मागं नर्सची धावपळ ऐकू येत होती आणि मावशी एकदम खूश आवाजात म्हणत होत्या, "आली ओ, कॅमेऱ्यात आली."

नव्या एमआरआयमध्ये उजव्या बाजूला व्रण दिसलाय, बारका. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन होण्यासारखं आहे, धोका असा असा आहे, घरी बोलून कळवा. पोरगा तयार आहे. त्याचा बाप म्हणतोय ऑक्टोबर छाटणी होऊन जाऊदे, मग बघू.